टपावरची चार अंडी

माझ्या घराला चार चाकं आहेत. पाचवं मागच्या दाराला टांगलेलं असतं. हे घर मी तयार करून घेतलं तेव्हा भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की आता मी कुठेही अडकणार नाही, वाटलं की निघालो. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली त्या दिवशी निरोपाच्या भाषणात हेच वाक्य हात पसरून म्हटलं होतं आणि त्यावर टाळ्याही वसूल केल्या होत्या. त्यानंतर भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीला चार दिवसांसाठी म्हणून गेलो आणि एका टिटवीमुळे महिनाभर तिथून चाक हलवू शकलो नाही. महिना मे. ज्यांनी तो पूर्व विदर्भात काढला आहे त्यांनी इथे माझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. पूर्वी त्यातून लग्नाची वऱ्हाडं जायची. मी बाकं काढून आत पलंग बसवला, ओटा बसवला, शेगडी, पंखा, पाण्याची टाकी, सगळं केलं. टपावर सोलरच्या दोन पाट्या लावल्या आणि उरलेल्या जागेत माझी बाग. बाग म्हणजे पत्र्याचा एक उथळ ट्रे, त्यात खडेमाती आणि कोथिंबीर. बायकोनं हे घर आतून बाहेरून नीट पाहिलं, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाली, "छान झालंय. पोचलास की फोन कर."

एकोडीत माझा मित्र राहतो. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. दोघांनीही शेतीची पदवी घेतली. तो गावी परतून धान करू लागला. मी त्याच पदवीवर बँकेत लागलो आणि तीस वर्षांनी कोथिंबिरीपर्यंत पोचलो. त्याची बायको साकोलीच्या एका शाळेत गणित शिकवते. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भाऊजी म्हणते, आणि माझं काही चुकलं की "अजी भाऊजी" म्हणते. शेजारीच मित्राचे काका राहतात. सत्तरी कधीच ओलांडली आहे, कमरेत वाकलेले नाहीत आणि कुठलीही गोष्ट पाहिली की तिचं कारण विचारल्याशिवाय राहत नाहीत.

मित्रानं मला गाडी बोडीत लावायला सांगितली. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. मे महिन्यात तिची वाटी कोरडी पडते, मधोमध एक डबकं तेवढं उरतं. एका बाजूला पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, त्यावर आंब्याचं एक झाड. मी गाडी डबक्यापासून चाळीसेक पावलांवर लावली, दार उघडलं, घडीची खुर्ची बाहेर मांडली आणि पायावर पाय टाकून निसर्गाला सांगितलं की सुरू कर.

सर्वांत आधी काका आले. गाडीला एक पूर्ण फेरी मारली. टायरला काठी लावून पाहिली.

"हे का होय गा?"

"घर आहे, काका."

"घर आहे तं चाकं कायले?"

"फिरायला."

"आन् फिराचंच आहे तं घर कायले?"



पहिले दोन दिवस गाव येऊन गाडी पाहून गेलं. एका बाईनं लेकराला सुई टोचायला आणलं होतं. मी डॉक्टर नाही हे कळल्यावर लेकरू खूश झालं आणि बाई माझ्यावर नाराज. माणसं ओसरली की प्राणी यायचे. रोज सकाळी एक मुंगूस पाळीवरून उतरायचं, गाडीखालून आरपार जायचं आणि पलीकडे निघून एकदा मागे वळून बघायचं, जणू बोगदा बांधून दिल्याबद्दल धन्यवाद. वानरांनी माझी टूथपेस्ट नेली. डबक्यावर बगळे उभे असत, खंड्या येई. आणि टिटवी.

टिटवी माझ्यावर पहिल्या दिवसापासून चिडलेली होती. डोळ्यांपुढे लाल चुटूक मांसाची टिकली, गळ्याखाली काळा रुमाल, पिवळे काडीसारखे पाय, आणि आवाज असा की सासूबाईंनी ओसरीवरून विचारावं, आलात का, आलात का. मी दार उघडलं की ती ओरडे. मी दात घासू लागलो की ओरडे. खरं सांगायचं तर मला हे आवडत होतं. मी खुर्चीवर उभा राहून तिला भारदस्त आवाजात उत्तरं द्यायचो: "देवी, हा राग कशासाठी? या पामरानं कोणता अपराध केला?" शेतीचा पदवीधर असूनही माझ्या डोक्यात आलं नाही की मे महिन्यात टिटवी ओरडते तेव्हा तिच्याजवळ ओरडण्याचं कारण असतं.

दुसऱ्याच दिवशी माझी कोथिंबीर वाळून करकरीत झाली. ट्रेमध्ये नुसती तापलेली माती आणि खडे राहिले. टप वापराविना आहे हे वहिनीच्या लगेच ध्यानात आलं. चौथ्या दिवशी सकाळी ती पापडांची परात घेऊन आली आणि शिडीनं वर चढली. खूप ओरडाआरडा झाला, टिटवीचा. संध्याकाळी वहिनी पापड उतरवून घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊजी, गाडी इथंच ठेवजा आता." मला वाटलं पापडांसाठी म्हणते आहे.

आणि पाचव्या दिवशी मी गाडी हलवली. बोडीच्या वाटीत वारा येत नव्हता, मी आत भाजून निघत होतो. पाळीवर ट्रॅक्टर चढायची उतरंड आहे, तिच्यावरून बैलगाडीच्या चालीनं गाडी वर घेतली आणि आंब्याजवळ लावली, दुपारनंतर सावली मिळेल अशा बेतानं. टिटवी सगळी वाट डोक्यावरून ओरडत आली. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिला निरोप दिला. कुणी मला इतकं पोचवायला कधी आलं नव्हतं.

आणखी चार दिवसांनी काका पाळीवरून चालले होते. थांबले. डोळ्यांवर हात धरला.

"का गा, तुह्या टपावर कोन बसली आहे?"

मी शिडी लावून पाहिलं. माझ्या कोथिंबिरीच्या ट्रेमध्ये, खड्यांच्या मधोमध चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, ठिपक्यांची, टोकं आत वळवून फुलीसारखी मांडलेली. मी काकांना चार बोटं दाखवली. काकांनी काठी वर केली आणि अर्ध्या तासात निम्मं एकोडी पाळीखाली उभं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, घरटं बांधत नाही. ज्या साली ती उंचवट्यावर घालते त्या साली पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली की पाऊस कमी, आणि अंडी जितकी तितके महिने पाऊस, असं या भागातले जुने लोक धरून चालतात. एकोडीत हे पाहायचं काम काकांचं. चाळीस वर्षं ते दर उन्हाळ्यात टिटवीची अंडी शोधून येतात आणि सांगतात. कुणी मोबाइलवरचं हवामान बघतो, कुणी बघत नाही, पण बियाणं आणायला निघण्याआधी सगळे एकदा काकांच्या अंगणावरून जातात.

"उंची पाहा," काका म्हणाले. "बोडीच्या पाळीवर. पाळीवर गाडी. गाडीवर टप. टपावर अंडे. चार! मी आजवर इतक्या उंचावर नाही पाहले."

माझा मित्र या सगळ्यावर विश्वास ठेवत नाही. पदवीधर आहे. पण त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमललं ते मी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्याचं कारण होतं रस्त्यापलीकडच्या वरच्या बांध्या. धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला इथे बांधी म्हणतात. बोडीखालच्या बांध्यांना शेवटी शेवटी बोडीचं पाणी मिळतं, तिथे भारी धान येतो. वरच्या बांध्या सगळ्या पावसाच्या भरवशावर. भारी धान हलक्यापेक्षा महिनाभर जास्त उभा राहतो, पिकतोही जास्त, पण त्याला शेवटपर्यंत पाऊस लागतो. पाऊस लवकर उठून गेला तर लोंब्या उभ्या असतात आणि आत दाणा नसतो. दोन वर्षांपूर्वी मित्रानं वर भारी लावला होता आणि नेमकं तेच झालं. त्या साली घर वहिनीच्या पगारावर चाललं. ही गोष्ट मित्र कधी काढत नाही. वहिनी रोज काढते. यंदाही त्याला वर भारीच लावायचा होता, वहिनीचं म्हणणं हलका लाव, आणि दोघं महिनाभर याच एका विषयावर भांडत होते.

"पाहलं?" मित्र वहिनीला म्हणाला. "चार महिने पाऊस. आता बोल."

वहिनी पापडांची परात कमरेला लावून उभी होती.  माझ्याकडे तिनं अशी एक नजर टाकली की मी शिडीवरून एक पायरी खाली आलो.

तिथून माझ्या सुखाचे आणि गोंधळाचे दिवस सुरू झाले. सुख असं, की गाडी आता हलवायची नाही, हे गावानंच ठरवलं. माझ्या घराला 'पावसाची गाडी' असं नाव पडलं. एका म्हातारीनं बंपरला हळदकुंकू लावलं. रोज कुणाकडून आंबे यायचे, कुणाकडून ताक, आणि मी घडीच्या खुर्चीत बसून ते सगळं अशा नम्रतेनं स्वीकारायचो की जणू अंडी मीच घातली आहेत. बायको फोनवर विचारायची, "कधी येतोस?" मी सांगायचो, "अंडी फुटली की." ती म्हणायची, "पाणी पीत जा."

आणि गोंधळ असा, की ताक पिता पिता माझ्या मनात एक किडा शिरला. गाडी तर आधी खाली होती. टिटवी खालीही ओरडत होती. वर येताना डोक्यावरून ओरडत आली ती मला पोचवायला आली होती, की आपल्या अंड्यांमागे आली होती? अंडी खाली असतानाच घातलेली असतील तर ती खोलगट जागेतली झाली. म्हणजे पाऊस कमी. वर आल्यावर घातली असतील तर उंच, म्हणजे पाऊस जास्त. गाडी मी हलवली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पण अंडी कधीची हे कुणी विचारलंच नव्हतं. माझाही यावर विश्वास नाही, हे मी स्वतःला बजावत होतो. पण मित्र त्या अंड्यांवरच वरच्या बांध्या ठरवत होता, आणि ती अंडी कुठली हे फक्त मला ठाऊक असायला हवं होतं, आणि मला ठाऊक नव्हतं.

एकदा मी आडून विचारून पाहिलं. आम्ही दोघं टिटवीकडे बघत बसलो होतो. ती डबक्यात उतरायची, पोट भिजवायची, उडून टपावर यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची, अंडी उन्हात शिजू नयेत म्हणून. दिवसातून कितीतरी वेळा. मी तिच्यासाठी टपावर पाण्याची वाटी ठेवली तर तिनं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"समज," मी मित्राला म्हणालो, "टिटवीनं अंडी खाली घातली आणि नंतर ती जागाच वर गेली, तर?"

"जागा वर कशी जाईन बे?"

"भूकंप वगैरे."

"भूकंप झाला तं धान कोन लावते?"

 त्या दिवशी ताकाबरोबर पुरणपोळीही आली होती. मी गप्प बसलो. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण पुरणपोळी चांगली होती.

असे दोन आठवडे गेले. डबकं आटत आलं तेव्हा काका रोज सकाळी दोन बादल्या आणून त्यात ओतू लागले. मग रोहिणी नक्षत्र लागलं, बियाणं आणायची वेळ झाली. सकाळीच मित्रानं पाळीखाली मोटरसायकल काढली, साकोलीला निघायला. काका आंब्याखाली बसून अंबाडीचा दोर वळत होते. वहिनी परात घेऊन आली होती, पण टपावर आता जाता येत नव्हतं म्हणून खाटेवर पापड मांडत होती. मित्रानं किक मारली, गाडी सुरू झाली, आणि त्या आवाजानं टिटवी टपावरून उडून त्याच्या डोक्यावर ओरडू लागली. आलात का, आलात का.

"थांब!" मी ओरडलो. बँकेच्या नाटकांत रंगमंचावरही मी असा कधी ओरडलो नसेन. "थांब. अंडी बहुतेक खालची आहेत."

मित्रानं गाडी बंद केली. काकांचा दोर हातात थांबला.

मी सगळं सांगितलं. पोचवायला आलेली टिटवी, भूकंप, पुरणपोळी, सगळं.

"म्हंजे," काका सावकाश म्हणाले, "अंडे खालचे, का वरचे?"

"तेच मला माहीत नाही."

"तुले पंधरा दिवस मालूम नोहोतं," मित्र म्हणाला, "आन् मी किक मारल्यावर आठवलं?"

"माहीत नाही हे आधीपासूनच आठवत होतं."

"काका, ऐकून राहिले ना? ह्याच्यासंगं मी तीन वर्षं एका खोलीत काढले."

काका उठले. पाळीच्या कडेला जाऊन खाली बोडीत पाहिलं, वर टपाकडे पाहिलं. "टपाची उंची धराची का नाही धराची?"

"टप खालीही होता, वरही होता," वहिनी पापडातून मान वर न करता म्हणाली. "दोन्हीकडं सारखा आहे जी, तो सोडून द्या."

"गाडी पुन्याची आहे," मित्राला आता सुचत होतं ते सगळं तो बोलत होता. "पाऊस पुन्यात पडन, आपल्याले काय!"

"गाडी पुन्याची असन," काका म्हणाले, "टिटवी एकोडीची होय."

"मंग काय समजाचं?"

"दोन खाली, दोन वर," वहिनी म्हणाली.

आम्ही तिघंही वळलो. तिनं हातातला पापड खाटेवर नीट टाकला, कडा दाबली आणि हात पुसले.

"मी चौथ्या दिवशी पापड घालाले चढली तवा ट्रेमधी दोन होते. भाऊजीनं गाडी वर आनली त्याच्या आदल्या दिवशी. बाकीचे दोन इथं आल्यावर. म्हणून तं भाऊजीले म्हटलं होतं, गाडी हलवू नका."

"तू मला अंडी आहेत असं कुठे म्हणालीस?"

"अजी भाऊजी, तुमी टिटवीसंगं नाटकात होते. मधात कशी बोलू?"

मित्राचा आवाज चढला. "आन् इतके दिवस मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, हिले हलका लावाचा आहे म्हणून हे अंडे खाली उतरवून राहिली."

 अगदी हेच मित्र म्हणाला असता, हे तिघांनाही माहीत होतं.

आता काय ते काकांच्या हाती होतं. काकांनी काठी आंब्याला टेकवली, धोतर खोचलं आणि शिडीला हात घातला. "काका, पडाल," मी म्हटलं. "पडलो तं घर आहेच इथं," म्हणाले आणि चढले. टिटवी त्यांच्या टोपीला पंख घासून जात होती. काका टपावर ओणवे होऊन पाहत राहिले. खूप वेळ. खाली आम्ही मान वर करून उभे. मित्र तर हात जोडल्यासारखा उभा होता, जरी त्याचा विश्वास नव्हता.

काका एक एक पायरी उतरले. काठी हातात घेतली.

"मले नाही समजत," ते म्हणाले.

 चाळीस वर्षांत काकांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांचं चुकलं होतं, अनेकदा, हे ते स्वतःच सांगत. पण सांगितलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"काका, काही तं सांगा," मित्र म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"कोनतंही सांगू?"

"सांगा."

"कोनतंही सांगाचं असन तं तूच सांग ना गा. शेती तुही आहे." आणि काका बसून पुन्हा दोर वळायला लागले.

मित्र मोटरसायकलच्या सीटवर आडवा बसला. मला वाटलं तो माझ्यावर चिडेल. मी तयारीही केली होती, चेहरा वगैरे. पण तो डबक्याकडे पाहत होता.

"दोन साल आधी चुकलं तवा मी काकाले शिव्या देल्या," तो म्हणाला. "काकानं ऐकून घेतल्या. आता चुकलं तं कोनाले देऊ?"

"मले द्या," वहिनी म्हणाली. "तशाही देताच."

"तुले देल्या तं तू वापस देते."

"थे तं देईनच."

तिनं परात उचलून माझ्या हातात दिली, पापड माझ्यावर सोपवले, पदर खोचला आणि मोटरसायकलच्या मागे जाऊन उभी राहिली. "चला. साकोलीले जाऊन राहिले होते ना? ऊन चढून राहिलं."

मित्र सरळ बसला. ती मागे बसली. निघाले. टिटवी रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे ओरडत गेली आणि परत आली.

मी सकाळभर खाटेवरच्या पापडांची राखण करत काकांशेजारी बसलो. वानरं आंब्यावरून पापडांकडे बघत होती. मी काकांना विचारलं, तुम्हाला खरंच समजलं नाही, की समजूनही सांगितलं नाही? काका म्हणाले, "हे पन मले नाही समजत." मग बराच वेळ हसत राहिले, आवाज न करता.

जेवणाच्या वेळेला ती दोघं परत आली. पेट्रोलच्या टाकीवर दोन पोती, एक भारी, एक हलका. बोडीखाली भारी, वरच्या बांध्यांत हलका. मी मित्राला बाजूला घेऊन विचारलं, कसं ठरलं? तो म्हणाला, "तिनं ठरवलं. मी कायले बोलू?" मी आत जाऊन वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी तोंडही नाही उघडलं भाऊजी. दुकानात ह्यांनीच मागतलं." मी पुन्हा बाहेर गेलो, पुन्हा आत गेलो. दोघंही शपथेवर सांगायला तयार. बँकेत तीस वर्षं मी खरंखोटं तपासलं, पण साकोलीच्या त्या दुकानात कोण काय म्हणालं हे मला आजवर काढता आलेलं नाही.

मृगाच्या सुमारास मित्र बोडीखालच्या कोपऱ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायची जागा नांगरत होता तेव्हा टपावर पहिलं अंडं फुटलं. दुसऱ्या सकाळपर्यंत चारही. वहिनीनं पिल्लं पुन्हा मोजली. टिटवीची पिल्लं बाहेर आली की लगेच चालू लागतात, घरात बसून खात नाहीत. आता ती एवढ्या उंचावरून उतरणार कशी, म्हणून आम्ही गाडीभोवती तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, गुडघाभर पसरला. टिटवी खाली उभी राहून हाका मारू लागली. पहिलं पिल्लू टपाच्या कडेला आलं, मागे गेलं, पुन्हा आलं.  काकांनी "ये बाबू ये" म्हटलं. ते पडलं, तणसात बुडालं, वर आलं आणि आईकडे तुरुतुरु पळालं. मागोमाग तिघं. डबक्याच्या कडेला पोचल्यावर ती दिसेनाशी झाली, इतकी ती मातीच्या रंगाची होती.

मी दुसऱ्या दिवशी निघालो. गाडी पाळीवरून उतरवली. कुणी पोचवायला आलं नाही. टिटवीला आता माझं काही पडलेलं नव्हतं.

दसरा झाल्यावर मी पुण्याहून फोन केला. धाकधूक होती, दुसऱ्याच्या शेतीची इतकी धाकधूक मला पूर्वी कधी झाली नव्हती.

"वरच्या बांध्या?" मी विचारलं.

"कापून झाल्या. हलका चांगला झाला," मित्र म्हणाला. "पन पाऊस अजून पडूनच राहिला बे! भारी लावला असता तं काय पिकला असता!"

मागून वहिनीचा आवाज आला, "कापलेला धान घरात आहे म्हणून बोलनं सुचून राहिलं तुमाले!"

"ऐकलं?" मित्र म्हणाला. "तुहीच चूक आहे. गाडी हलवली नसती तं आम्ही भांडत नसतो."

"गाडी हलवली नसती तर अंडी चारही खोलगट पडली असती, आणि तू वर हलकाच लावला असतास."

"थेच लावला ना!"

मला पुन्हा काही कळेनासं झालं. मी म्हटलं, काकांना दे.

"काका," मी ओरडून विचारलं, कारण त्यांना फोनवर कमी ऐकू येतं, "शेवटी टिटवीचं खरं झालं की खोटं?"

"टिटवीचं तं मले नाही मालूम," काका म्हणाले. आवाज मोठा खुशीत होता. "पन मी सांगतलं होतं, मले नाही समजत. चाळीस सालात पयल्यांदा माहं पक्कं बराबर निघालं."